न्यू जर्सीहून बडोद्याला: एका जोडप्याच्या स्थलांतराचं प्रकरण

दादा माझा चुलत भाऊ. जन्म एप्रिल १९५७, बडोद्याच्या दांडिया बाजारात. एम. एस. युनिव्हर्सिटीतून इंजिनिअर झाला, ऐंशीच्या दशकात अमेरिकेला गेला. न्यू जर्सीत नोकरी, घर, एक मुलगा, आणि पुढे अमेरिकेचं नागरिकत्व. वहिनी रावपुऱ्यातल्या, त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. २०२१च्या डिसेंबरात दोघं महिनाभर आले होते, तेव्हा त्यांनी घरात सांगितलं की निवृत्तीनंतर बडोद्यालाच येऊन राहायचं. मी बँकेत एनआरआय खात्यांच्या टेबलावर नोकरी केलेली, त्यामुळे कागदपत्रांचा सगळा भार आपसूक माझ्याकडे आला. पुढचं त्या दोघांच्या संमतीने लिहिते आहे. आकडे गोल केले आहेत.

माझ्या टेबलाशी परतणारी जी माणसं यायची, त्यातली बरीचशी ‘आपल्याच देशात तर येतोय’ म्हणून तयारी अर्धी ठेवून यायची. मनाने हा मायदेश खराच, पण पासपोर्ट अमेरिकेचा झाला की कायद्याच्या लेखी हा परदेश असतो. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं ओसीआय कार्ड म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा आणि बऱ्याच आर्थिक बाबतींत एनआरआयच्या बरोबरीचे हक्क, नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि अमेरिकेचा आयकर तर माणूस कुठेही राहिला तरी सुटत नाही. म्हणून मी दादाला सांगितलं की तुम्ही स्वस्त परदेशी राहायला चाललेले दोन अमेरिकन आहात, असं धरूनच सगळा हिशेब मांड. त्याला ते लागलं. पण मांडला.

कशामुळे निघावंसं वाटलं

न्यू जर्सीचा घरपट्टीचा दर अमेरिकेत सगळ्यात जड समजला जातो. कर्ज फिटलेल्या घरावर दादा वर्षाला ११,००० डॉलर भरत होता. त्यावर घराचा विमा, हिवाळ्यातलं हीटिंग, दोन गाड्या, आणि दादाची नोकरी सुटली की ६५ पूर्ण होईपर्यंत वहिनींसाठी स्वतंत्र आरोग्यविमा, महिना हजार डॉलरच्या वर. प्रवास धरला नाही तरी महिन्याचा खर्च ५,५०० डॉलरपर्यंत जात होता. दादाची सोशल सिक्युरिटी (अमेरिकेचं सरकारी निवृत्तिवेतन) महिना २,७५० डॉलर येणार होती. उरलेला निम्मा खर्च ४०१(के)मधल्या, म्हणजे नोकरीत साठवलेल्या निवृत्तिनिधीतल्या, सव्वाचार लाख डॉलरमधून काढायचा, म्हणजे वयाच्या ऐंशीच्या आत ते संपत आले असते.

मुलगा टेक्सासात असतो. त्याने पोर्तुगाल सुचवलं होतं. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्यांसाठी तिथे डी-७ नावाचा व्हिसा आहे, हवा चांगली, दवाखाने चांगले. वहिनींनी एकच प्रश्न केला: “रात्री दोन वाजता याच्या छातीत दुखायला लागलं तर मी कुठल्या भाषेत कुणाला हाक मारू?” पोर्तुगाल तिथेच संपलं. पुण्याचा विचार थोडा जास्त टिकला, पण भाडी बघून तोही मागे पडला. बडोद्यात माणसं होती, आणि माझ्या मते म्हातारपणाच्या हिशेबात माणसं हा खर्चाचाच एक रकाना आहे.

दादाची शीट आणि माझा क्रम

दादाने एक्सेल शीट केली होती. पहिली ओळ: घर, ९० लाख रुपये. त्याखाली इंटिरिअर, गाडी, फर्निचरचा कंटेनर. आरोग्यविमा एकोणिसाव्या ओळीवर होता, आणि त्यापुढे ‘नंतर बघू’. परतीच्या तारखेचा तर उल्लेखच नव्हता.

माझं म्हणणं होतं की क्रम उलटा करायचा. आधी आजारपण, मग तारखा, मग कागद, आणि घर सगळ्यात शेवटी. शिवाय अमेरिकेत परत जावं लागलं तर कशाच्या बळावर जाणार, हे पहिल्या दिवसापासून बाजूला लिहून ठेवायचं. महिन्याचा खर्च निम्म्यावर येतो, यात काही शंका नव्हती. माणूस अडकतो तो एखाद्या वाईट महिन्यात. तो महिना निभावता येईल की नाही, यावर स्थलांतर परवडतं की नाही ते ठरतं.

आधी आजारपण

दादाला मधुमेह आणि रक्तदाब, वहिनींचे गुडघे. भारतात आरोग्यविमा घेतला की आधीपासूनच्या आजारांना काही वर्षं थांबावं लागतं. त्या वेळी नियमाने ही मुदत चार वर्षांपर्यंत असू शकत होती. २०२४मध्ये ती जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली गेली. दुसरी अडचण वयाची. तेव्हा ६५ नंतर नवी पॉलिसी देणं कंपन्यांवर बंधनकारक नव्हतं, तीही अट २०२४मध्ये निघाली. पण आम्ही बसलो होतो जानेवारी २०२२मध्ये, आणि दादा चौसष्टचा होता.

बऱ्याच जणांना ठाऊक नसतं की परदेशी राहणारा ओसीआयधारकसुद्धा भारतात आलेला असताना भारतातली पॉलिसी घेऊ शकतो. उपचाराचं संरक्षण भारतापुरतं, पण थांबायच्या मुदतीचं घड्याळ त्या दिवसापासून चालू होतं. मी म्हटलं, यायच्या आधी घड्याळ चालू करा. अमेरिकेत बसून दोन वर्षं हप्ता फुकट भरल्यासारखा वाटेल, तरी भरा. त्यांनी तीन वर्षांची मुदत असलेली, दोघांची मिळून दहा लाखांची पॉलिसी घेतली. वर्षाचा हप्ता साठ-सत्तर हजारांच्या घरात.

फॉर्म भरताना एक प्रसंग झाला. रक्तदाबाच्या रकान्याशी दादा थांबला.

“अगं, अर्धीच गोळी घेतो मी. ती काय लिहायची?”

“दादा, अर्धी गोळी लिही, डॉक्टरांचं नाव लिही, कधीपासून घेतोस ते लिही.”

“हप्ता वाढवतील.”

“वाढवू दे. लपवलंस तर पुढे दावा नाकारतील.”

त्याने लिहिलं. हप्ता थोडा वाढला.

मग तारखा

दादाच्या मनात जून २०२३मध्ये नोकरी सोडून लगेच निघायचं होतं, आणि वहिनींना आषाढी बडोद्यात हवी होती. मी दोघांना थांबवलं, त्याची दोन कारणं होती.

पहिलं अमेरिकेतलं. १९५७ साली जन्मलेल्यांना सोशल सिक्युरिटी पूर्ण मिळते ती ६६ वर्षं ६ महिने झाल्यावर. दादाचे ते ऑक्टोबर २०२३मध्ये भरत होते. त्याआधी घेतली तर रक्कम जन्मभर कमी.

दुसरं भारतातलं, आणि ते जरा किचकट आहे. आयकराच्या दृष्टीने परतलेला माणूस लगेच पूर्ण रहिवासी होत नाही. मधे एक टप्पा असतो, ‘रहिवासी पण सर्वसाधारण रहिवासी नाही’ असा. सीए लोक त्याला आरएनओआर म्हणतात. आधीच्या दहा आर्थिक वर्षांपैकी नऊ वर्षं तुम्ही अनिवासी असाल, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतातले दिवस ७२९ किंवा त्याहून कमी असतील, तर हा दर्जा मिळतो. तो असेपर्यंत अमेरिकेतलं व्याज, भाडं, घरविक्रीचा नफा, ४०१(के)मधून काढलेले पैसे यांवर भारतात कर नाही. आम्ही दर हिवाळ्यातल्या महिन्या-महिन्याच्या भेटींचे शिक्के पासपोर्टांतून काढून दिवस मोजले. जूनमध्ये आले असते तर ही सवलत ३१ मार्च २०२५ला संपत होती. नोव्हेंबरमध्ये आल्यावर ती ३१ मार्च २०२६पर्यंत गेली. पाच महिने थांबण्याचं फळ एक पूर्ण वर्ष.

त्या वर्षाचा उपयोगही ठरवून केला. न्यू जर्सीचं घर लगेच विकायचं नाही, आधी भाड्याने द्यायचं, म्हणजे इथे मन रमलं नाही तर परत जायला छप्पर राहील. मात्र त्यालाही मुदत होती. अमेरिकेत स्वतःच्या राहत्या घराच्या विक्रीवर जोडप्याला ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त मिळतो, अट अशी की विक्रीआधीच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षं त्या घरात राहिलेलं असावं. म्हणजे निघाल्यापासून तीन वर्षांच्या आत निर्णय. त्यांनी जून २०२५मध्ये घर विकलं. अमेरिकेत सूट बसली, भाड्याच्या काळातल्या घसाऱ्यापुरता तेवढा कर पडला, आणि भारतात आरएनओआर असल्याने काहीच नाही. जूनमध्ये निघाले असते, तर त्याच विक्रीचा हिशेब भारतातल्या विवरणपत्रातही मांडावा लागला असता.

इथे लोक हमखास गोंधळतात, म्हणून थोडं थांबते. आयकर खातं दिवस मोजतं, परकीय चलनाचा कायदा तुमचा इरादा बघतो. कायमचं राहायला म्हणून तुम्ही उतरलात की बँकेच्या दृष्टीने त्या दिवसापासून तुम्ही रहिवासी. आयकरात त्या वर्षी अजून अनिवासीच असाल. एकाच माणसाचे एकाच वेळी दोन दर्जे. बँकेला कळवलं नाही आणि एनआरई खातं, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, तसंच चालू ठेवलं, तर त्या व्याजाची करमाफी गेलेली असते आणि माणूस बेसावध असतो. आम्ही ते येण्याआधी डॉलरमधली एफसीएनआर ठेव केली, म्हणजे अनिवासींसाठीची परकीय चलनातली मुदत ठेव. ती मुदतपूर्तीपर्यंत चालू ठेवता येते, आणि पुढे ते पैसे आरएफसी, म्हणजे रहिवाशाच्या परकीय चलन खात्यात डॉलरमध्येच राहू शकतात. आरएनओआर असेपर्यंत या व्याजावर भारतात कर नाही. अमेरिकेत मात्र आहे! भारतात करमुक्त म्हणून अमेरिकेच्या विवरणपत्रात न दाखवलेलं व्याज मी कितीतरी घरांत पाहिलं आहे, आणि ते चांगलं नाही. परदेशी खात्यांत मिळून १०,००० डॉलरच्या वर रक्कम गेली की एफबार नावाची माहितीही दर वर्षी अमेरिकेला द्यावी लागते. बडोद्यातलं साधं बचत खातंही त्यात धरतात.

कागद, नावं आणि एक फोन नंबर

दादाचं नाव चार ठिकाणी चार तऱ्हेने होतं. पॅनवर वडिलांच्या नावासकट पूर्ण, अमेरिकेच्या पासपोर्टवर मधलं नाव गायब, ओसीआयवर पासपोर्टप्रमाणे, आणि जुन्या बँक खात्यात घरच्या नावाचा शॉर्टफॉर्म. वहिनींच्या बँकेच्या कागदांवर माहेरचं आडनाव अजून जिवंत. मी एका कोऱ्या पानावर दोघांची सगळी नावं, जशी छापली आहेत तशी, स्पेलिंगसकट लिहून काढली आणि एकेक सारखं करायला लावलं. पॅन दुरुस्त केलं, बँकेत केवायसी नव्याने, पॉलिसीवरचं नाव पासपोर्टप्रमाणे. महिने गेले त्यात. घरच्यांना ती माझी बँकेतली जुनी खोड वाटली.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या मोबाईल नंबरची. तिकडची बँक, सोशल सिक्युरिटीचं खातं, ४०१(के), क्रेडिट कार्ड, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर. दादा नंबर बंद करून येणार होता, महिन्याचे साठ डॉलर वाचवायला. नंबर गेला की स्वतःच्याच पैशांचं दार बंद. त्याने निघायच्या सहा महिने आधी नंबर स्वस्त प्लॅनवर नेला, वायफायवरून मेसेज येतात ना ते न्यू जर्सीत असतानाच तपासलं. हा सल्ला मी प्रत्येकाला देते. तिकडे असतानाच, तिकडचं मोबाईल नेटवर्क नसल्यासारखं, फक्त वायफायवर एक आठवडा राहून बघा.

सोशल सिक्युरिटीला परदेशचा पत्ता कळवल्यावर ७१६२ नंबरचा एक फॉर्म टपालाने येतो. माणूस जिवंत आहे का, बाकी काही बदललं आहे का, अशी चौकशी असते. भरून पाठवला नाही तर रक्कम थांबते. तो साध्या लिफाफ्यात येतो, आणि सोसायटीच्या वॉचमनकडे दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली पडून राहू शकतो. दादाने वॉचमनला तसा लिफाफा दाखवून ठेवला आहे.

आधारसाठी आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. दिवाळीच्या तोंडावर आलेल्यांना ते मे महिन्यात जमलं. तोवर गॅस, इंटरनेट, भाडेकरार सगळं पासपोर्ट आणि ओसीआयच्या प्रतींवर. प्रत्येक काउंटरवर नव्याने समजावून सांगायचं. वहिनी या काळात फार कंटाळल्या. कार्तिकी एकादशीला विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, बघून आल्या त्या दिवशी काय त्या खुलल्या, एरवी पहिले सहा महिने त्यांचा चेहरा रांगेत उभ्या असलेल्या माणसाचाच होता. येणाऱ्यांनी हे सहा महिने हिशेबात धरावेत.

खात्यात डॉलरचे रुपये झालेले दिसले की ओळखीची माणसं म्युच्युअल फंड घेऊन येतात. दादाकडेही एक जण आला, गोड बोलला, एसआयपीचा फॉर्म पुढे केला. अमेरिकन नागरिकाने भारतातला म्युच्युअल फंड घेतला तर अमेरिकेच्या करात तो वेगळ्या, जाचक नियमांत पडतो; दर फंडामागे वेगळा फॉर्म, आणि कर असा की परतावा खाऊन टाकेल. फॉर्म परत गेला. यांनी ठेवी आणि अमेरिकेतली जुनी गुंतवणूक एवढ्यावरच राहावं, असं माझं ठाम मत होतं आणि आहे.

घर शेवटी

दादाचं एक जुनं स्वप्न होतं: पादऱ्याकडे थोडी जमीन, चिकूची झाडं, विहीर. ओसीआयधारकाला शेतजमीन, मळ्याची जमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, वारसाने आलं तर गोष्ट वेगळी. “नातेवाइकाच्या नावावर घेऊ,” असं दोन-तीन जणांनी सुचवलं. मी स्पष्ट नाही म्हटलं. दुसऱ्याच्या नावावरची जमीन दुसऱ्याचीच असते, आणि बेनामी व्यवहार हा गुन्हा आहे. दादा त्या संध्याकाळी काही बोलला नाही. मला वाईट वाटलं, पण हे स्वप्न शीटमधून काढणं गरजेचं होतं.

राहता बंगला किंवा फ्लॅट मात्र घेता येतो. डिसेंबर २०२२च्या भेटीत त्यांना समा भागातलं एक तळमजल्याचं घर फार आवडलं होतं. पुढे अंगण, मागे कडुनिंब, वहिनींच्या गुडघ्यांना जिना नाही. बयाणा द्यायच्या बेतात होते. आमच्या घरातल्या ज्येष्ठांनी विचारलं, विश्वामित्री नदी किती लांब? ३१ जुलै २०१९चा पाऊस बडोद्यात कुणी विसरलेलं नाही. मी म्हटलं, एक पावसाळा भाड्याने काढा, मग ठरवा.

सुभानपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असलेला फ्लॅट घेतला, २६,००० भाड्याने. ऑगस्ट २०२४च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली; धोक्याची पातळी २५ फूट. समा, फत्तेगंज, अकोटा, मुजमहुडा पाण्यात. दादाच्या सोसायटीत वीज गेली, दूध आलं नाही, बाकी निभावलं. पाणी ओसरल्यावर दोघं ते आवडलेलं घर बघायला गेले. भिंतीवर छातीच्या उंचीवर चिखलाची रेघ, अंगणात भिजलेल्या गाद्यांचा ढीग, आणि कोपऱ्यात सोफा उलटा टाकलेला. नव्या मालकीणबाई हातात झाडू घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आत बोलावलं, बसायला जागा नव्हती म्हणून दारातच बोलल्या. वहिनींनी त्यांच्याकडे दोन दिवस डबा पाठवला. ज्या पूरग्रस्त घरांत मी गेले, त्या सगळ्यांत पाण्यापेक्षा चिखल काढायलाच जास्त दिवस लागलेले दिसले, आणि साठी-पासष्टीच्या माणसांनी ते करावं हे बघवत नव्हतं.

बाहेरून येणाऱ्याला म्हणूनच सांगावंसं वाटतं की घर दाखवणारा दलाल हिवाळ्यात दाखवतो. त्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा की २०१९ला आणि २०२४ला पाणी कुठवर होतं. तो हात लावून दाखवेल.

महिन्याचा हिशेब

भाडं २६,०००, किराणा-भाजी-दूध २२,०००, स्वयंपाक आणि धुणंभांडी ९,०००, गाडी आणि अर्धवेळ ड्रायव्हर १४,०००, वीज सरासरी ५,०००, औषधं-तपासण्या ६,०००, विम्याचा महिन्याचा वाटा ६,०००, आणि फोन, देणंघेणं, लग्नकार्यं, शनिवारचं सेव-उसळ धरून १५,०००. लाखाच्या आसपास. यात मी दोन ओळी घालायला लावल्या, ज्या दादाने धरल्याच नव्हत्या: वर्षातून एकदा मुलाकडे जायचं भाडं, आणि दोन देशांच्या कर सल्लागारांची फी. त्याचे महिन्याला चाळीस हजार. एकूण १,४०,०००.

मिळकत मांडताना डॉलरचा भाव ७५ धरला. जानेवारी २०२२मध्ये तो त्याच्याच आसपास होता, ते आले तेव्हा ८३, आणि २०२५च्या डिसेंबरात नव्वदीपार. तरी शीटमध्ये ७५च ठेवला आहे. वाढलेल्या भावाची चैन रोजच्या खर्चात मुरली की पुढे ती काढता येत नाही. सोशल सिक्युरिटीतून मेडिकेअरचा, म्हणजे अमेरिकेत ६५ नंतर मिळणाऱ्या सरकारी आरोग्यविम्याचा, हप्ता वजा जाऊन पहिल्या वर्षी १,९०,००० रुपये पडत होते. ४०१(के)ला रोजच्या खर्चासाठी हात लावावा लागला नाही. आरएनओआरच्या काळात त्यातले काही पैसे मुद्दाम काढून घेतले, कारण त्यावर फक्त अमेरिकेचा कर बसत होता.

परतीची वाट

इथे घरात मतभेद झाले. मेडिकेअर अमेरिकेबाहेरच्या उपचारांचे पैसे सहसा देत नाही. मग पार्ट बीचा, म्हणजे मेडिकेअरच्या डॉक्टर आणि बाह्यरुग्ण उपचारांच्या भागाचा हप्ता, २०२४मध्ये १७४.७० डॉलर आणि २०२५मध्ये १८५ डॉलर, कशाला भरायचा? मुलाचं म्हणणं बंद करा. पण बंद करून पुढे पुन्हा घेतलं, तर न घेतलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो, आणि तो वाढलेला दर जन्मभर राहतो. शिवाय नव्याने नाव घालायची खिडकी जानेवारी ते मार्च एवढीच. माझं मत असं होतं, की इथला पहिला मोठा आजार इथे पार पडेपर्यंत पार्ट बी सोडू नये. तो हप्ता म्हणजे परतीच्या तिकिटाचा खर्च समजावा. त्याबरोबर ६०,००० डॉलर अमेरिकेतल्या खात्यात वेगळे, ज्यांना बडोद्यातल्या कुठल्याही कारणासाठी हात लावायचा नाही. दादाने माझं ऐकलं, मुलाने नाराजीने मानलं.

पहिला मोठा आजार आला फेब्रुवारी २०२५मध्ये. पहाटे दादाला घाम फुटला, डावा हात जड. वहिनींनी शेजारच्या भाऊंना उठवलं, वीस मिनिटांत हॉस्पिटल. दुपारी अँजिओप्लास्टी, एक स्टेंट. मी विम्याच्या खिडकीशी उभी होते. तिथल्या मुलीने ओसीआय, पॅन आणि पॉलिसी शेजारी शेजारी ठेवून नावावर बोट फिरवलं, एकेक अक्षर. सगळीकडे तेच. मग तिने पॉलिसीची पहिली तारीख बघितली: जानेवारी २०२२. मधुमेहाची तीन वर्षांची मुदत एका महिन्यापूर्वी पूर्ण झाली होती. फॉर्ममध्ये रक्तदाबाची अर्धी गोळीही होती. संध्याकाळपर्यंत कॅशलेस मंजूर झालं. स्टेंटच्या किमतीवर २०१७पासून सरकारी मर्यादा आहे, तरी एकूण बिल पावणेतीन लाख झालं. विम्यात न बसणारे हातमोजे-सुया वगैरे धरून खिशातून एकोणीस हजार गेले. वहिनी तेव्हा काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी ते नावांचं पान फाईलमधून काढून देवघराच्या कपाटात ठेवलं.

यानंतर मुलाने पुन्हा विचारलं, आता तरी पार्ट बी बंद करायचं का? दादाने ठेवायचं ठरवलं. वहिनी २०२५मध्ये पासष्टच्या झाल्या, त्यांनीही घेतलं. मला वाटतं दोघांचं बरोबर आहे. गुडघ्यांची शस्त्रक्रिया कुठे करायची हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही.

आता, जानेवारी २०२६

सवलतीचे अडीच महिने उरलेत. १ एप्रिल २०२६पासून दोघं भारताचे पूर्ण रहिवासी होतील, आणि त्याच दिवशी नवा आयकर कायदाही लागू होतो आहे, त्यामुळे कलमांचे ओळखीचे आकडे बदलतील. तोपर्यंतची कामं टेबलावर आहेत. ४०१(के)वरचा कर दर वर्षी वाढीवर न भरता, अमेरिकेत पैसे काढले त्या वर्षीच भरायची जी मुभा भारत देतो, तिचा पर्याय विवरणपत्रासोबत घ्यायचा. सोशल सिक्युरिटीवर दोन देशांच्या करारानुसार अमेरिकेतच कर लागतो, तो मुद्दा सीएने आतापासून लिहून ठेवायचा. आणि परदेशातली प्रत्येक मालमत्ता, त्या साठ हजार डॉलरच्या खात्यासकट, पुढच्या विवरणपत्रात दाखवायची. ती न दाखवण्याचा दंड दहा लाख रुपये आहे. दादाने खात्यांची यादी केली, त्यात एक जुनं, चाळीस डॉलर शिल्लक असलेलं खातं निघालं. ते मार्चच्या आत बंद करतो आहे.

दोन मृत्युपत्रं करायची आहेत, एक टेक्सासच्या वकिलाकडून आणि एक इथलं, दुसऱ्याने पहिलं रद्द होणार नाही अशा भाषेत. तारीख ठरली आहे.

आणि घर. गोत्रीच्या पुढे दोन फ्लॅट बघून ठेवलेत, दोन्ही चौथ्या मजल्यावर. वहिनींच्या अटी लेखी आहेत: लिफ्टला जनरेटर हवा, रात्री रुग्णवाहिका थेट दारापर्यंत यायला हवी, आणि खालच्या दुकानदाराने २०२४ला पाणी कुठवर होतं ते आधी सांगायला हवं. एका ठिकाणी जनरेटर आहे, रस्ता अरुंद. दुसऱ्या ठिकाणी रस्ता रुंद, जनरेटर पुढच्या वर्षी बसवू असं बिल्डर म्हणतो. सध्याच्या भाड्याचा अकरा महिन्यांचा करार त्यांनी आणखी एकदा वाढवला आहे.